भाड्याची बाईक, पण हेल्मेट घरचंच: थायलंड करून आल्यावर आठ महिन्यांनी

नोव्हेंबरात उत्तर थायलंडमधल्या चियांग माईहून मे हाँग सॉन लूप, म्हणजे डोंगरातून गोल फिरून परत तिथंच येणारा रस्ता, बाईकवर करून आलो त्याला आता आठ महिने झाले. आल्या आल्या लिहिलं असतं तर नुसते फोटो आणि 'एक नंबर' एवढंच झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबलो. आता यवतेश्वर घाटात पावसाने धरलंय, ट्रिपसाठी घेतलेलं सामान रोजच्या वापरात घासून निघालंय, कार्डाचा शेवटचा हप्ताही गेला, तेव्हा आता जरा थंड डोक्याने सांगता येईल.

मी सातारचा, वय ४३, स्वतःचं दुकान, म्हणजे सुट्टी पाहिजे तर शटर आपणच ओढायचं आणि त्या दिवशीचा गल्लाही आपलाच बुडायचा. घरी रॉयल एनफील्डची हिमालयन ४११ बाईक आहे. त्यामुळे पहिला हट्ट हाच की जायचं तर आपल्याच गाडीवर, एमएच ११ ची नंबरप्लेट थायलंडच्या डोंगरात, फोटो कसा येईल ते आधीच डोळ्यासमोर. या खुळात दोन महिने घालवले.

पूर्वी लोक मणिपूरच्या मोरेहून म्यानमारमध्ये शिरून रोडनेच थायलंड गाठायचे, पण २०२१ च्या लष्करी उठावानंतर तो रस्ता आपल्या कामाचा राहिला नाही. मग उरलं गाडी पाठवणं. लाकडी क्रेट, टाकीतलं पेट्रोल काढा, बॅटरीची वायर सोडा, कार्नेट लागणाऱ्या देशात जायचं असेल तर मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून ते काढा, त्यासाठी बँक गॅरंटी द्या. कार्नेट म्हणजे गाडीचा पासपोर्ट समजा, गाडी तिकडं विकून येणार नाही याची हमी. थायलंडचं आणखी वेगळं, २०१६ पासून आपल्यासारख्यांना बाहेरची गाडी आत न्यायची तर तिथल्या परवानाधारक टूर एजन्सीमार्फत आधी परवानगी काढावी लागते. एजंटाने येण्याजाण्याचा जो आकडा सांगितला तो माझ्या हिमालयनच्या आजच्या रिसेलच्या वर गेला. बायको म्हणाली, "मग गाडी तिकडंच ठेवून या." विषय संपला.

पण भाड्याने घ्यायचं ठरलं तरी कुठं घ्यायची हा प्रश्न असतोच आणि इथं बरेच जण फसतात. मला व्हिएतनाम करायचं होतं, तिथल्या 'हा जियांग' नावाच्या डोंगरी भागाचे व्हिडिओ बघून डोकं फिरलेलं. पण आपलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं, आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना करारावालं. म्हणजे गाडी कुणीही देईल, तिथं कोण विचारत नाही, पण पडलो की इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न हाच विचारणार, लायसन्स चालतं का? आणि त्यात तिकडं उजवीकडून चालवायचं. थायलंडमध्ये आपलं परमिट चालतं, डावीकडूनच चालवतात, एवढ्या दोन गोष्टींवर देश ठरला. डोंगर वगैरे नंतर.

परमिट आपल्याच आरटीओत निघतं, सारथी वेबसाइटवर अर्ज, मूळ लायसन्स, पासपोर्ट, व्हिसा-तिकीट, हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. हातात आलं की तिथंच उघडून बघा मोटरसायकलच्या चौकटीत शिक्का आहे का. मी बघितला. नुसता कारचा शिक्का घेऊन गेलात तर त्या कागदाचा बाईकला शून्य उपयोग.

ट्रॅव्हल इन्शुरन्सचं तसंच. पॉलिसी घेताना समोरची बाई "हो सर, सगळं कव्हर आहे" म्हणाली, मी म्हटलं ईमेलवर लिहून द्या, की भाड्याच्या ४७१ सीसी बाईकवर अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च मिळेल. दोन दिवसांनी उत्तर आलं, नाही मिळणार. मग दुसरीकडे जास्त पैसे भरून घेतली. हा एक ईमेल मी केलेल्या सगळ्या तयारीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा.

गाडी घेतली होंडा सीबी ५०० एक्स (नावात ५००, इंजिन ४७१ सीसी), रोजचे १३०० बाट, सहा दिवसांचे ७८००, म्हणजे आपले वीस हजारांच्या आसपास. बरोबर कोरेगावचा मित्र होता, त्याने ३०० बाट रोजाने क्लिक १२५ स्कूटर घेतली. मी हसलो त्याला. तर तो म्हणतो, "आरं, टायर तुझ्या गाडीला बी दोनच हैत न्हवं?" सहा दिवसांत एकदाही तो माझ्यामागं तासाभरापेक्षा जास्त राहिला नाही आणि चहाला तर माझ्याआधी बसलेला असायचा.

दुकानदाराने डिपॉझिट म्हणून पासपोर्ट मागितला. पासपोर्ट अजिबात देऊ नका, हॉटेलात लागतो, दवाखान्यात लागतो, आणि मुख्य म्हणजे भांडण झालं तर त्याच्या ड्रॉवरमध्ये असतो. मी १०,००० बाट रोख ठेवले, थोडी कुरकुर करून घेतले त्याने. मग मोबाइल काढून गाडीभोवती चार मिनिटं व्हिडिओ घेतला, प्रत्येक ओरखड्यावर बोट ठेवून, सायलेन्सर, आरसे, टायरची नक्षी, किलोमीटरचा आकडा. मित्र कंटाळून रस्ता ओलांडून नारळपाणी प्यायला गेला.

रस्त्याबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण त्यावर सगळेच लिहितात. चियांग माई ते पाई १०९५ नंबरचा रोड, पुढं मे हाँग सॉन, मे सारियांग आणि १०८ ने परत, साधारण सहाशे किलोमीटर. १८६४ वळणं म्हणतात, मी मोजली नाहीत. केळघर घाट चढायचा, उतरायचा, परत चढायचा, असं दिवसभर, फक्त खड्डा नाही. सकाळी नऊपर्यंत मे हाँग सॉनला इतकं धुकं की पावसाळ्यातलं कास आठवलं.

आता पडलो ते सांगतो. चालवताना नाही, उभ्या गाडीवर. पाईच्या पुढं एका व्ह्यू पॉइंटला फोटोसाठी थांबलो, बारीक खडी, थोडा उतार. हिमालयनची सीट ८०० मिलिमीटर, या गाडीची ८३०. वजन दोघींचं जवळपास सारखंच, दोनशे किलोला टेकलेलं. तीस मिलिमीटर म्हणजे किती, तर दोन बोटंसुद्धा नाही, पण माझी उंची पाच फूट चार इंच. डावा पाय सवयीने जिथं जमीन असायला पाहिजे तिथं गेला, जमीन जरा खाली होती, पायाखालची खडी सरकली आणि गाडी सावकाश, अगदी म्हैस बसावी तशी, डावीकडे बसली. क्लच लिव्हर वाकला, हँडलच्या टोकाचं वजन घासलं. मला काही झालं नाही, दोन थाई पोरांनी येऊन उचलू लागलं. तेव्हा गाडी निवडताना सीसी नंतर बघा, आधी सीटची उंची बघा, आणि दुकानात नुसतं सपाट फरशीवर बसून "जमतंय" म्हणू नका.

परत करताना दुकानदार टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसला. लिव्हर, हँडलचं टोक, पुढचा मडगार्ड, सायलेन्सरचा ओरखडा असं करत ६५०० बाट. त्याच्या भाड्यात गाडीच्या नुकसानीचं काहीच नव्हतं, आणि तिथला जो सक्तीचा इन्शुरन्स असतो तो माणसाच्या इजेपुरता, गाडीच्या पत्र्याला नाही. मी व्हिडिओ लावला. मडगार्ड आणि सायलेन्सर आधीपासूनचे निघाले. तो दोनदा मागं घेऊन बघितला त्याने, मग हसला आणि २१०० वर आला. ते मी निमूट दिले, तेवढं माझंच होतं. माझा मुद्दा इतकाच, १३०० बाट हे भाडं नाहीच, खरं भाडं म्हणजे तुम्ही चार-पाच लाखांची वस्तू आपल्या जबाबदारीवर सहा दिवस फिरवता ते. मला हे गाडी पडेपर्यंत कळलं नव्हतं. तरीही परत भाड्यानेच घेईन, फक्त जादा पैसे देऊन नुकसानीचं कव्हर असलेलं दुकान शोधीन. होंडाचीच सीआरएफ ३०० एल घ्या म्हणून बरेच सांगतात, पण तिची सीट ८८० आहे, मला स्टूल लागेल.

हेल्मेट मात्र घरून नेलं ते शंभर टक्के बरोबर. दुकानातलं अर्धं हेल्मेट, काचेवर जाळं पडलेलं आणि आतल्या स्पंजला दहा देशांच्या घामाचा वास. माझं केबिनमध्ये हातात धरून नेलं, कुणी अडवलं नाही.

जाळीचं जॅकेट तिकडं मस्त चाललं. इकडं सातारच्या पावसात त्याचं पितळ उघडं पडलं. रेन लायनर आतून लावायचा असतो, म्हणजे तुम्ही कोरडे पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन चार किलोचं होतं, ठोसेघरहून आल्यावर दोन दिवस दोरीवर टपटपत असतं. आता वरून साधा साडेसातशेचा रेनकोट घालतो. मागची रोल-टॉप बॅग अजून पाणी आत घेत नाही, पण हुक घासतो तिथं खालून भोक पडायला आलंय, पंक्चरवाल्याकडून ट्यूबचा तुकडा चिकटवून घेतला. मोबाइल होल्डर घेताना व्हायब्रेशन खाणारा रबर असलेला घ्या, साध्या होल्डरवर मित्राच्या फोनचा कॅमेरा गेला, फोकसच धरत नाही.

पुढच्या वर्षी नेपाळ ठरतंय. तिथं सीमेवर रोजाच्या हिशोबाने भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भरला की आपली गाडी जाते, कार्नेट नाही, क्रेट नाही, आणि सीट ८०० ची. कोरेगावकर विचारतोय स्कूटर नेली तर चालेल का.