दोन्ही बीएस्सीच, पण नर्सिंग की मायक्रो?

बारावीला बायोलॉजी, नीटचे मार्क एमबीबीएसला पुरत नाहीत, आणि घरचे म्हणतात, "बीएस्सी कर." नाशकात बीएस्सी नर्सिंग आणि बीएस्सी मायक्रोबायोलॉजी (सूक्ष्मजंतूंचा अभ्यास, बोलताना नुसतं मायक्रो) या दोन वाटा एकाच नावानं सुरू होतात नि पुढे फार क्वचित भेटतात.

नर्सिंगची पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. हे १९९८ साली सुरू झालं, मुख्यालय म्हसरूळला. म्हणून काहींना वाटतं, रोज म्हसरूळ गाठायचं! तसं नाही, वर्ग आणि वॉर्ड संलग्न कॉलेजातच. तेव्हा कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलात पेशंट किती येतात ते आधी पाहा. रिकाम्या खाटांपाशी नर्सिंग शिकता येत नाही. मायक्रो सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं, गंगापूर रोडच्या केटीएचएमसारख्या कॉलेजांत. नर्सिंगला वेगळी सीईटी द्यावी लागते.

वर्षांचा हिशेब मात्र फसवा आहे. नर्सिंग चार वर्षं; नोंदणी झाली की थेट ड्युटी. मायक्रो तीन वर्षं, ऐकायला बरं वाटतं. पण तीनवर थांबलात तर सातपूर-अंबडच्या औषध कंपन्यांत क्यूसीला, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीला, सुरुवात होते ती जंतू वाढवायच्या प्लेटा ओतण्यापासून, आणि अन्न व औषध प्रशासनाची तुमच्या नावाला मंजुरी (एफडीए अप्रूव्हल) मिळेपर्यंत तपासणीच्या कागदावर सही दुसऱ्याची. खरी किंमत एमएस्सीनंतर, म्हणजे पाच वर्षं धरा. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जायचंय? मग डीएमएलटीची, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची, चौकशी आधीच करा.

संशोधनाची ओढ असेल तर मी मायक्रोकडे झुकतो. एमएस्सी, मग नेट ही राष्ट्रीय परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये, आणि पुण्याची एनआयव्ही (विषाणू संशोधन), एनसीसीएस (पेशी संशोधन) या संस्था काही तासांवर. नर्सिंगमध्येही एमएस्सी, पीएचडी आहे, पण एमएस्सीआधी वर्षभराचा अनुभव लागतो. तिथले प्रश्न वेगळे असतात: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पाठीला जखमा का होतात, कॅथेटरमधून (लघवीच्या नळीतून) संसर्ग कसा थांबवायचा. हेही संशोधनच, फक्त त्याला मायक्रोस्कोप लागत नाही म्हणून आपल्याकडे कुणी त्याला तसं म्हणत नाही.

घरात पगार लवकर यायला हवा असेल तर नर्सिंग घ्या, रात्रपाळी गृहीत धरून. मायक्रोला जाणार असाल तर प्रवेशाआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना एकच विचारा: प्रॅक्टिकलला प्लेट एकाला एक मिळते, की चौघांत एक?