क्वीनची ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ : काही महिने एलपीवर ऐकल्यानंतर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची ही तबकडी (एलपी) घेऊन आता बरेच महिने झाले. १८० ग्रॅम वजनाची, नव्याने खाचा कापलेली आवृत्ती आहे. त्यातल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’वर आजवर इतकं लिहिलं गेलंय की आणखी एक रिव्ह्यू कशाला, असं कुणालाही वाटेल. पण एवढ्या दिवसांच्या ऐकण्यातून माझं एक मत पक्कं झालंय. या अल्बमचा कणा त्या मोठ्या गाण्यात नाही, बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीच्या दोन छोट्या नाटकी गाण्यांत आहे. ‘लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून’ आणि ‘सीसाइड रॉन्देव्हू’ ही ती दोन. बरेच जण त्यांना भरतीची गाणी समजून पुढे जातात. एलपीवर सुई उचलायचा कंटाळा येतो म्हणून ती पूर्ण ऐकली जातात, हा या माध्यमाचा मोठा फायदा.

पहिली बाजू सुरू होते ती ‘डेथ ऑन टू लेग्ज’ने. जुन्या मॅनेजरवरचा राग त्यात इतका भडक रंगवलाय की ब्रिटिश पँटोमाइममधला खलनायक विंगेतून बाहेर येतोय आणि पोरंटोरं त्याची हुर्यो उडवतायत, असंच वाटतं. ख्रिसमसच्या सुमारास तिकडे गावोगावच्या थिएटरांत ही पँटो लागते. सिंड्रेला, अलादीन अशा सगळ्यांना पाठ असलेल्या गोष्टी, म्हातारीच्या वेशातला पुरुष, नायकाच्या वेशातली मुलगी, आणि ओरडून उत्तरं देणारे प्रेक्षक. खलनायकाची एक्झिट होते न होते तोच ‘लेझिंग’ चालू होतं. जेमतेम एका मिनिटाचं गाणं, त्यात एक नटवा छैलछबिला आपल्या आठवड्याचा हिशेब सांगतो. आवाज जुन्या भोंग्यातून आल्यासारखा लागतो. त्यासाठी गायलेला आवाज हेडफोनमधून पत्र्याच्या डब्यात सोडून पुन्हा माइकवर घेतला होता. एका मिनिटाच्या गमतीसाठी एवढा खटाटोप! रागातून थेट नखऱ्यात मारलेली ही उडी मला अल्बममधली सगळ्यात धाडसी जागा वाटते.

‘सीसाइड रॉन्देव्हू’ मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. ब्लॅकपूल-ब्रायटनला समुद्रात घुसणाऱ्या धक्क्यांवर जे करमणुकीचे कार्यक्रम होत, जो जुना म्युझिक हॉल, म्हणजे गाणी-नकलांचा रंगमंचावरचा खेळ होता, त्याची सगळी हवा या सव्वादोन मिनिटांत आहे. मधला वाद्यमेळ ऐका. क्लॅरिनेट, ट्यूबा, ट्रम्पेट, सगळं वाजतंय असं वाटतं, पण यातलं एकही वाद्य स्टुडिओत नव्हतं. फ्रेडी आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी हे आवाज तोंडाने काढलेत. टॅप डान्सचा तुकडा तर बोटांत शिवणकामाची अंगुस्तानं घालून मिक्सिंग डेस्कवर वाजवलाय. चांगल्या स्पीकरवर ती टकटक कोरडी आणि अगदी जवळून ऐकू येते, लाकडी फरशीचा घुमारा तिला नाही. ‘सिंथेसायझर वापरलेला नाही’ असं कव्हरवर अभिमानाने छापलंय, त्याचा अर्थ इथे कळतो. नखरा म्हणजे उथळपणा, हा समज हे गाणं मोडून काढतं. कॅम्प म्हणतात ती शैली हीच : सगळं अति करायचं, पण त्यात कसूर तसूभरही ठेवायची नाही.

ही दोन गाणी मुरली की ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ वेगळीच ऐकू येते. मधल्या भागाला सगळे ऑपेरा म्हणतात. मला त्यात पँटोची सवाल-जवाबाची रीत जास्त ऐकू येते. एक गट म्हणतो गाण्यातल्या पोराला सोडा, दुसरा म्हणतो नाही सोडणार. ‘ओ येस इट इज’, ‘ओ नो इट इझन्ट’ हा तिकडचा प्रेक्षकांचा ठरलेला खेळ, तोच इथे फ्रेडी, गिटारिस्ट ब्रायन मे आणि टेलर या तिघांनी आपलेच आवाज थरावर थर चढवून उभा केलाय. या भागात येणारं स्कारामूशचं नावही वाटेल तिथून आलेलं नाही. हे कॉमेडिया देल’आर्ते या जुन्या इटालियन विनोदी नाट्यप्रकारातलं पात्र, आणि इंग्लिश पँटोमाइम अठराव्या शतकात त्याच कुळातून वाढलं. म्हणूनच हसू येत असतानाच त्या पोराची भीतीही खरी वाटते.

फ्रेडीचं शालेय शिक्षण आपल्या पाचगणीत झालं, पियानो आणि पहिला बँडही तिथलाच, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ही नाटकी भाषा त्याने इंग्लंडात राहून किती आत मुरवली होती, ते १९८४च्या ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’च्या व्हिडिओत दिसतं. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेची नक्कल करत चौघेही बायकी वेशात, आणि फ्रेडी मिशी तशीच ठेवून व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय. पँटोची ‘डेम’, म्हणजे म्हातारीच्या वेशातला तो पुरुष, आपलं पुरुषपण लपवतच नाही, त्यामुळे ब्रिटिश घरांत लोक पोट धरून हसले. अमेरिकेत मात्र एमटीव्हीला ते पचलं नाही. तिथे ही परंपराच नव्हती.

आता वापराचं. दोन्ही अवघड गाणी बाजूंच्या शेवटाकडे, म्हणजे आतल्या खाचांत आहेत. पहिल्या बाजूला ‘सीसाइड’, दुसरीला ‘ऱ्हॅप्सडी’. तिथे सुईची मांडणी जराशी चुकली तरी ‘स’ आणि ‘श’ फाटतात. माझ्याकडे साध्या गोल टोकाच्या सुईवर ‘ऱ्हॅप्सडी’तला ‘गॅलिलिओ’चा कोरस चिरकत होता. लंबगोल टोकाची सुई लावून कोन नीट जुळवला, तेव्हा आवाज सुटे झाले. आतली कागदी पिशवी फार स्थिर विद्युत धरते, ती लगेच बदला. विक्रेत्याने पॅकिंगमध्ये हयगय केल्याने कव्हरचा एक कोपरा दुमडून आला. वाईट वाटलं, कारण कव्हर देखणं आहे. पांढऱ्यावर फ्रेडीने स्वतः काढलेलं बोधचिन्ह, चौघांच्या राशींवरून दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीसाठी दोन पऱ्या.

‘स्वीट लेडी’ मला अजूनही आवडत नाही. ‘द प्रॉफेट्स साँग’ला एकटं बसून वेळ द्यावा लागतो. ‘गुड कंपनी’त ब्रायन मेने गिटारवरच अख्खा जॅझ बँड उभा केलाय, तो ऐकायला हेडफोन लावा. शेवटी ‘गॉड सेव्ह द क्वीन’ वाजतं. ब्रिटनमध्ये एके काळी नाटक-सिनेमा संपला की राष्ट्रगीत लागायचं, तसंच. क्वीन फक्त स्टेडियममधल्या जल्लोषाच्या गाण्यांमुळे माहीत असेल तर ही एलपी घ्या, आणि आवडली तर लगोलग १९७६ची ‘अ डे अ‍ॅट द रेसेस’ घ्या. त्यातलं ‘मिलियनेअर वॉल्ट्झ’ याच घराण्यातलं आहे.