खोक्यावर १६५ वॅट, आत २४: रीफ टँकच्या लाइटमधली फसवणूक

खोक्यावर छापलं होतं: '१६५ वॅट, फुल स्पेक्ट्रम, मरीन रीफ', म्हणजे खाऱ्या पाण्यात कोरल (प्रवाळ) वाढवायच्या टँकचा लाइट. आत निघाली दोन फुटी पातळ पट्टी, तिच्यावर बारीक एलईडींच्या रांगा आणि भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचा काळा ॲडॉप्टर. त्या ॲडॉप्टरच्या पाठीवर आउटपुट लिहिलं होतं: १२ व्होल्ट, २ अँपिअर. बारा दुणे चोवीस. पट्टीवर कितीही एलईडी असोत, हा ॲडॉप्टर तिला २४ वॅटच्या वर काही देऊ शकत नाही.

सांगलीत विश्रामबागेतल्या एका घरी हा लाइट साडेसहा हजारांना विकला गेला. टँक, रॉक, मीठ, लाइट आणि 'पहिले दोन कोरल आमच्याकडून' असं ते पॅकेज होतं. पक्कं बिल दिलं नाही. दोन-तीन महिन्यांत झोआ नावाच्या मऊ कोरलचे देठ लांब होऊन उजेडाकडे ताणले गेले, रंग जाऊन सगळं तपकिरी झालं आणि मशरूम कोरल पातळ होऊन पसरलं. ही तिन्ही लक्षणं कमी उजेडाची आहेत. विक्रेत्याने मात्र सांगितलं, "तुमचं पाणी मानवलं नाही", आणि वर दोन बाटल्या औषध विकलं. आम्हाला सर्वांत जास्त संताप या औषधाचा येतो. दोष दिव्याचा, आणि माणूस महिनोन्‌महिने पाणी तपासत बसतो.

सांगली-मिरजेत हे सहज चालतं, कारण इथली दुकानं प्रामुख्याने गोल्डफिश, गप्पी, फ्लॉवरहॉर्न या गोड्या पाण्यातल्या माशांची आहेत. मरीनचं सामान ऑर्डर देऊन मुंबई-पुण्याहून पार्सलने येतं, नाहीतर ऑनलाइन. दिवा टँकवर पेटलेला बघून घ्यायची सोय नसते आणि पीएआर मीटर (कोरलला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र) परवडणारा नसतो. सगळा विश्वास खोक्यावरच्या आकड्यावर.

त्यात वेळेचं गणित विक्रेत्याच्या बाजूचं आहे. नव्या टँकचं सायकलिंग, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू जम धरण्याचा काळ, चार ते सहा आठवडे चालतं. तोवर कोरल टाकायचं नसतं. कोरल आल्यावर उजेड कमी पडतोय हे दिसायला आणखी काही आठवडे. परत करायची मुदत असते जेमतेम सात-दहा दिवसांची. म्हणून 'टँकबरोबर आजच लाइट घ्या, सेटमध्ये स्वस्त पडेल' हा आग्रह धरला जातो. सायकलिंगला लाइट लागतच नाही, उलट अंधारात शेवाळ कमी येतं. पाण्यात अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागले की मग लाइट घ्या. आधीच घेतला असेल तर टँकची वाट न पाहता आल्या दिवशी टेबलावर ठेवून तपासा.

पहिली तपासणी वॅटची. ॲडॉप्टर असेल तर व्होल्ट गुणिले अँपिअर, झालं. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, आत बसवलेला असेल तर सॉकेटमध्ये लावायचा वॅट मीटर आणा. तोही नसेल तर घरचा वीज मीटर आहे. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. घरातलं सगळं बंद करा, इन्व्हर्टरसुद्धा, कारण तो चार्जिंगला वीज ओढतो. फक्त लाइट पूर्ण ताकदीवर लावा आणि पाच मिनिटं लुकलुक मोजा. आलेली संख्या गुणिले १२,००० भागिले ३२००, म्हणजे वॅट. पाच मिनिटांत २५ वेळा लुकलुकला तर लाइट साधारण ९४ वॅट खातोय. सहा वेळाच लुकलुकला तर २२-२३ वॅट.

इथे एक फरक करायला हवा. ५५ एलईडींचा, पंखे असलेला, काळ्या लोखंडी पेटीचा लाइट जगभर '१६५ वॅट' म्हणून विकला जातो: ५५ गुणिले ३. प्रत्यक्षात तो १०० ते १२० वॅटच्या आसपास चालतो, कारण एलईडी पूर्ण क्षमतेवर चालवल्या तर लवकर जळतात. आकडा फुगवलेला आहे, पण लाइट कामाचा असतो. याला आम्ही फसवणूक म्हणणार नाही. १६५ लिहून २४ देणं ही फसवणूक. ती हातालाही कळते. खऱ्या १०० वॅटला उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक आणि बहुधा पंखा लागतोच. अर्धा तास जळूनही पाठ कोमट राहणारी प्लास्टिकची हलकी पट्टी १०० वॅटची असू शकत नाही.

दुसरी तपासणी निळ्या रंगाची, आणि हिच्यात जास्त लोक अडकतात. वॅट खरे निघाले तरी दिवा कोरलचा असेलच असं नाही. कोरलच्या ऊतींमध्ये राहणारं सूक्ष्म शैवाल निळ्या उजेडावर जगतं. ४५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा रॉयल ब्लू हा त्याचा मुख्य खुराक. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींसाठीचा ६५०० केल्विनचा पांढरा-लाल लाइट निळं स्टिकर लावून 'मरीन' म्हणून खपवला जातो. कधी सगळ्या पांढऱ्या एलईडींवर निळसर प्लास्टिकची काच बसवलेली असते. ओळखायचं असं: लाइट बंद करून एलईडी जवळून पाहा. पांढऱ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा ठिपका असतो, निळ्या आणि जांभळ्या एलईडीवर तो नसतो. रीफच्या लाइटमध्ये निदान दोन-तृतीयांश एलईडी बिनपिवळ्या दिसायला हव्यात. झाकण काढू देत नसतील तर तिथेच थांबा.

जाहिरातीत ल्युमेनचा आकडा ठळक असेल तर त्याने हुरळून जाऊ नका. ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात आणि आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड सर्वाधिक जाणवतो. रॉयल ब्लूला ल्युमेन कमीच मिळतात. 'आठ हजार ल्युमेन' सांगणारा रीफ लाइट बहुतेक नुसता पांढरा आहे. मोबाइलवरचं लक्स ॲपही याच कारणाने निळ्या उजेडात निरुपयोगी.

'जांभळा चॅनेल, ४०० ते ४२० नॅनोमीटर' असा दावा असेल तर तो चॅनेल, म्हणजे वेगळा चालू-बंद होणारा एलईडींचा गट, एकटाच चालवून बघा. खरा जांभळा डोळ्याला मंद दिसतो; त्या चॅनेलचा लखलखीत निळा पडत असेल तर साध्या निळ्या एलईडी घातल्या आहेत. अंधाऱ्या खोलीत धुतलेला पांढरा सुती कपडा त्याखाली धरा. खऱ्या जांभळ्यात कपडा स्वतःच उजळल्यासारखा दिसतो, कारण साबणातली चकाकी आणणारी रसायनं जागी होतात. चिमूटभर हळद सॅनिटायझरमध्ये विरघळवून काचेच्या वाटीत ठेवली तर जांभळ्या आणि रॉयल ब्लू उजेडात ती हिरवट चमकते, साध्या पांढऱ्यात नुसती पिवळी राहते. या चाचण्या ढोबळ आहेत, पण धादांत खोटा माल त्यांत उघडा पडतो.

तिसरा सापळा पीएआरचा. पीएआर म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड. 'पीएआर ८००' असं लिहिलेलं असतं, पण किती उंचीवर, पाण्यात की हवेत, मध्यावर की कडेला, हे नसतं. एलईडीवरच्या भिंगाखाली पाच इंचांवर हवेत घेतलेला आकडा टँकच्या तळाशी एक-चतुर्थांशही उरत नाही. लाइट पाण्यापासून किती इंच, मोजणी पाण्याखाली किती इंच आणि कोपऱ्यात किती, हे तीन प्रश्न लेखी विचारा. खरा विक्रेता तक्ता पाठवतो. ९० अंशांच्या भिंगात मध्यभागी आकडा मोठा येतो आणि कोपरे उपाशी राहतात. २ फूट लांबीच्या टँकला १२० अंशांचा पसारा बरा.

तुम्हाला पीएआर लागतो तरी किती? मशरूमला ३० ते ८०, झोआ आणि लेदर कोरलला ८० ते १५० पुरे होतो. २५०-३०० चा आकडा ॲक्रोपोरासारख्या दगडी कोरलसाठी आहे. 'पुढे ॲक्रोपोरा ठेवायचा तर आत्ताच मोठा लाइट घ्या' म्हणणारा विक्रेता दुहेरी फसवतोय. रीफ बांधणारे सगळे दगडी कोरल, काळे कोरल, फायर कोरल, ऑर्गन पाइप कोरल आणि सी फॅन २००१ पासून भारताच्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. समुद्रातून काढलेले ते विकणं आणि बाळगणं गुन्हा आहे. परदेशातून आल्याचं सांगत असतील तर आयातीचे आणि साइट्सचे (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) कागद मागा. 'व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणून टाळत असतील तर तो व्यवहार सोडा. लाइटचे पैसे बुडणं परवडलं, ही भानगड नको.

म्हणजे २ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच, काठोकाठ ७० लिटरच्या टँकवर सॉफ्ट कोरलसाठी खरे ४० ते ६० वॅट भरपूर झाले. निळा आणि पांढरा वेगळा कमी-जास्त करता यावा, एवढंच हवं. वायफाय, ॲप, सूर्योदय, ढगांचा गडगडाट यांवर पैसे घालवू नका. इलेक्ट्रिकलच्या दुकानातला साधा टायमर तेच काम करतो. ५० वॅट रोज आठ तास म्हणजे महिन्याला १२ युनिट. सांगलीच्या उन्हाळ्यात पाणी २५-२६ अंशांवर ठेवणं आधीच कठीण, त्यात गरजेपेक्षा मोठा लाइट उष्णता वाढवतो.

काटकसर ड्रायव्हरवर आणि अर्थिंगवर मात्र नको. धातूची पेटी आणि दोन पिनांचा प्लग अशी जोडी दिसली की लाइट परत. खारं पाणी उडतं, मीठ साचतं, करंट पेटीत उतरतो आणि हात टँकमध्ये असतो. तीन पिना, अर्थिंग असलेला सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. ड्रायव्हरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा, कारण खोटे क्रमांकही छापलेले असतात. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि मूळ देश नसेल तर पुढे भांडायला समोर कोणीच सापडणार नाही.

जुना टी-फाइव्ह, म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूबचा सेट स्वस्तात मिळाला तर आधी नव्या ट्यूब कुठे मिळतात ते विचारा. त्या साधारण वर्षाने बदलाव्या लागतात.

खरा लाइट मिळाल्यावरही तो एकदम १०० टक्क्यांवर लावू नका. कोरल पांढरं पडतं आणि चांगल्या लाइटला बोल लागतो. पाण्यापासून ८ ते १० इंच उंचीवर, २५-३० टक्क्यांवर सुरुवात करा, दर आठवड्याला थोडं वाढवत महिन्याभरात हव्या पातळीवर आणा. रोज आठ-नऊ तास बस्स. पहिल्या आठवड्यांत वाळूवर येणारा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो. त्याचा दोष लाइटवर टाकू नका आणि त्यासाठी औषधही घेऊ नका.

फसवणूक झालीच असेल तर खोकं, ॲडॉप्टरवरचा मजकूर, मीटरची पाच मिनिटांची सलग व्हिडिओ, जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याचा पुरावा जपून ठेवा. ऑनलाइन खरेदीत विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निवारण करायचं, असं २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर सांगलीचा जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता कुठल्याही शहरातला असो, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. पैसे घेऊन माल पाठवलाच नसेल तर ते वेगळं प्रकरण आहे: त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पैसे खात्यातून पुढे सरकायच्या आत.