ब्रॉयलरच्या खाद्यात डीडीजीएस: सहा बॅचनंतरचा अनुभव

सिन्नरजवळ आमचं तीन हजार पक्ष्यांचं शेड आहे. कंपनीच्या करारावर नाही, पिल्लंही आमची आणि खाद्यही घरच्याच मिक्सरला. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आली, इथेनॉलवाले मक्यावर तुटून पडले आणि मक्याच्या भावाने आमचं कंबरडं मोडलं. त्या मक्यातला स्टार्च पेट्रोलमध्ये गेला की मागे उरतं ते डीडीजीएस. म्हणजे आपलाच मका, दारू काढून झाल्यावर परत विकत घ्यायचा! पण भाव सोया पेंडीच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून मन वळलं.

पहिल्यांदा तांदळाचं आणलं. कागदावर प्रथिनं 45 टक्के, पेंडीच्या तोडीची. मी खुळ्यासारखं केलं, पेंड कापून फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, थेट 12 टक्के टाकलं. पस्तिसाव्या दिवशी पक्षी दीडशे ग्रॅमने हलका. माल कॉफीच्या रंगाचा होता, वास करपलेल्या भाकरीचा, तरी माझं लक्ष अहवालावरच. वाळवताना माल जास्त तापला की लायसिन, म्हणजे प्रथिनातलं वाढीला लागणारं अमिनो आम्ल, बिघडतं. प्रयोगशाळेत प्रथिनं तेवढीच दिसतात, पक्ष्याच्या अंगी मात्र लागत नाहीत. शिवाय पाय फिके पडले. दुकानदार म्हणाला, "दादा, पक्षी आजारी होता का?"

मग मक्याचं घेतलं. प्रथिनं 28च्या घरात, पण सोनेरी आणि आंबूस-गोड वासाचं. पहिले दहा दिवस अजिबात नाही, पुढे 5 टक्के, फिनिशरला 8, वरून लायसिन. स्फुरद यातलं चांगलं पचतं, त्यामुळे स्फुरदासाठी घालतो ते डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) थोडं कमी केलं. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणारं खाद्य, पूर्वीसारखाच 1.6च्या आसपास, पाय पिवळे.

चौथ्या बॅचला पावसाळ्यात दणका बसला. स्टार्च निघून गेल्यावर उरलेलं सगळं जवळपास तिपटीने दाट होतं, त्यात बुरशीचं विषही आलं. तुसाची गादी ओली, पिल्लं खुरटलेली. डॉक्टरांनी मेलेला पक्षी फाडून दाखवला तर काळीज (यकृत) पिवळं, ठिसूळ. विष बांधून ठेवणारा टॉक्सिन बाइंडर खाद्यात आधीपासून चालू होता, तरी ही गत. तेव्हापासून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची तपासणी झाल्याशिवाय एकही पोतं मिक्सरला लावत नाही.

धड माल मिळाला तर खाद्यात किलोमागे रुपयाच्या आतबाहेर वाचतो. गाडी आली की आधी पोतं फोडून मूठभर नाकाशी धरतो. मागच्या महिन्यात दोन गाड्या परत पाठवल्या, तो व्यापारी अजून फोन उचलत नाही.