ॲम्बेसेडर-पद्मिनीसाठी १२ इंची फॅन किट: फॅन ठेवा, बाकीचं काढून टाका

ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या १२ इंची इलेक्ट्रिक फॅन किटमध्ये फॅन सोडला तर भरवशाचं फारसं काही निघत नाही. फॅन मात्र पैसे वसूल करतो.

किट कुणी घ्यावं? जालना रोडच्या सिग्नलला उभी राहिली की जिचा तापमानाचा काटा चढतो आणि ६० च्या वेगानं पळू लागली की उतरतो, त्या गाडीनं. मूळ फॅन पट्ट्यावर फिरतो. आयडलिंगला इंजिन मंद, म्हणून वाराही मंद. कन्नडचा घाट दुसऱ्या गिअरात चढतानाही किट कामाला येतं. मोकळ्या हायवेवर गरम होणाऱ्या गाडीला मात्र याचा उपयोग नाही. तिथं बहुतेक वेळा रेडिएटरच चोंदलेला असतो. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतल्यावर नळ्यांत क्षार बसणारच. आधी रेडिएटरवाल्याकडून नळ्या साफ करून घ्या, मग डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरा.

किटसोबत रेडिएटरच्या जाळीतून ओवायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात. त्या वापरू नका. थरथरीनं फॅन जाळीवर घासतो आणि सहा महिन्यांनी पाणी गळायला लागतं. ॲल्युमिनियम अँगलच्या दोन पट्ट्या रेडिएटरच्या चौकटीला बोल्टनं कसा आणि फॅन त्यांवर बसवा. जागा असेल तर इंजिनाच्या बाजूनं, वारा आत ओढणारा. ग्रिलकडून लावलेला फॅन धावत्या गाडीचा वारा अडवतो. वायर जोडल्यावर ग्रिलसमोर कागद धरा: जाळीला चिकटला तर दिशा बरोबर, उडून आला तर प्लस-मायनस उलटे लागलेत.

पातळ वायर हा किटचा सगळ्यात मोठा दोष. असा फॅन ७ ते १० अँपिअर खातो, सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट. त्यासाठी ४ चौरस मिमीची वायर ओढा आणि २० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच लावा. फॅन रिलेवर, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, चालवा. त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी, ८७ ला फॅन, ८६ ला इग्निशन, ८५ ला थर्मोस्विच (पाणी तापलं की चालू होणारा स्विच). फॅन चालू असताना त्याच्या कनेक्टरवर आणि बॅटरीवर मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वायर किंवा अर्थ (बॉडीशी असलेली मायनसची जोडणी) कच्चा आहे.

जाळीत खुपसायचा सेन्सरही बाजूला ठेवा, तो पाण्याइतकाच वाराही मोजतो. वरच्या होज पाइपात अडॅप्टर टाकून ९२ अंशाला चालू, ८७ ला बंद होणारा स्विच बसवा. थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ८२ अंशाचा असेल आणि स्विचही ८२ चाच घेतला, तर फॅन थांबायचं नाव घेत नाही. इथं भलेभले वायरमन फसतात ते वेगळ्याच गोष्टीत: अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर, त्यामुळं त्याला अर्थच मिळत नाही. बॉडीपासून वेगळी वायर द्यावीच लागते, नाहीतर स्विच चांगला असूनही बदलला जातो.

डायनमोच्या गाडीला हे किट लावूच नका, आधी अल्टरनेटर बसवा. डायनमो आयडलिंगला जवळजवळ काहीच चार्ज करत नाही, आणि फॅन नेमका तेव्हाच चालतो. रात्री हेडलाइट लावून अर्धा तास ट्रॅफिकमध्ये अडकलात की बॅटरी बसली म्हणून समजा.

गावोगाव दिसणारा दुसरा उपाय म्हणजे मारुती ८०० चा फॅन. माल टिकाऊ, स्पेअरही कुठंही मिळतं. पण तो ७९६ सीसी इंजिनासाठी बेतलेला. पद्मिनीच्या १०८९ सीसीला कसाबसा पुरेल, ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसीला मे महिन्यात परभणी-नांदेडच्या उन्हात नाही.

ॲम्बेसेडरचा लोखंडी फॅन काढल्यावर पुलीचे चार बोल्ट फॅनच्या जाडीइतके लांब पडतात, तेव्हा तेवढ्या जाडीचे वॉशर घाला. पट्टा जागेवरच राहू द्या, पाण्याचा पंप त्यावरच चालतो. आणि काढलेला फॅन भंगारात देऊ नका, डिकीत ठेवा: रिले वाटेत गेला तर पाना काढून तो परत चढवता येतो.