रंगीत पत्र्याचं छत तीस वर्षांत कितीला पडतं?

घरावर टाकायच्या रंगीत पत्र्याची चौकशी बहुतेक वेळा चौरस फुटाच्या भावापाशी सुरू होते आणि तिथंच संपते. माल म्हणून हा पत्रा चांगलाच आहे. पोलादावर ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३ टक्के जस्त आणि उरलेलं सिलिकॉन असा लेप, त्यावर प्रायमर आणि रंग. हे मिश्रण १९७२ पासून बाजारात आहे आणि नुसत्या जस्ताच्या लेपापेक्षा गंजापुढे जास्त टिकतं. कौलांचं छत चौरस मीटरला चाळीस किलोच्या वर जातं, हे पाच किलोच्या आसपास राहतं. त्यामुळे खालच्या सांगाड्यातही पैसे वाचतात. पण चौरस मीटरला सहा स्क्रू धरले तरी शंभर चौरस मीटरच्या छताला सहाशे भोकं पडतात, आणि त्यातल्या प्रत्येक भोकाची राखण एक रबरी वायसर करत असतो.

पत्रा तीस वर्षं सहज काढू शकतो. वायसर बहुधा त्याच्या निम्म्यातच कडक होतो, चिरतो. इथेच सगळा हिशेब फिरतो. स्वस्त स्क्रू घेऊन वाचणारी रक्कम एकूण खर्चात किरकोळ असते; तेच स्क्रू काही वर्षांत बदलायचे म्हटले की मजुरी, शिडी-परांची आणि सुरक्षेचे दोर पुन्हा उभे करावे लागतात, आणि हा खर्च स्क्रूच्या किमतीच्या कितीतरी पट निघतो. म्हणून वायसर ईपीडीएम या ऊन-पाऊस सोसणाऱ्या कृत्रिम रबराचाच हवा. हाताने दाबून सोडल्यावर तो लगेच मूळ आकारात यायला हवा. साधं काळं रबर उन्हात लवकर मरतं.

कसण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची. वायसर धातूच्या टोपीच्या कडेपर्यंत जेमतेम फुगला पाहिजे. टोपीबाहेर पसरला तर तो चिरडला गेला, सैल फिरत असेल तर पाणी शिरणार. इम्पॅक्ट ड्रायव्हरने, म्हणजे ठोके देत स्क्रू फिरवणाऱ्या यंत्राने, धडाधड कसलेले स्क्रू जवळपास नेहमीच जास्त दाबलेले असतात. दाब ठरवता येणारा स्क्रू-ड्रायव्हर वापरायला सांगा. छतावर स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर बसवायचा, पाणी वाहतं त्या नाळेत नाही. वळचण, आढं आणि पत्र्यांचे आडवे जोड इथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, कारण वारा कडेलाच सर्वांत जोरात उचलतो. स्टेनलेस स्टीलचा स्क्रू घेतला की चिंता मिटली असं वाटतं, पण ओल्या, खारट हवेत स्टेनलेस शेजारचा लेप खातं. पत्र्याच्या उत्पादकाने सुचवलेला जाड लेपाचा स्क्रूच घ्यावा.

पोलाद तापमानानुसार लांबतं-आखडतं. दहा मीटर लांब पत्रा ४० अंशांच्या फरकाला सुमारे ५ मिलिमीटर हलतो. हे रोज घडत राहिलं की भोकं लांबट होतात आणि मग वायसर कितीही चांगला असो, कडेने पाणी झिरपतं. लांब पाख्यासाठी किंवा उतार पाच अंशांच्या आसपास असेल तर आतल्या क्लिपवर अडकणारा, वरून भोक नसलेला पत्रा महाग असूनही फायद्याचा ठरतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. आखूड पाख्याला आणि दहा अंशांपुढच्या उताराला स्क्रूचा पत्रा पुरेसा आहे.

जाडीत फसवणूक सोपी असते. दुकानात ‘०.५०’ म्हणतात तेव्हा लेप आणि रंग धरून म्हणतात की नुसतं पोलाद, हे बिलावर लिहून घ्या. एकूण ०.५० असेल तर आतलं पोलाद साधारण ०.४२ ते ०.४३ मिलिमीटर असतं. खात्री काट्यावर होते: १२२० मिलिमीटर रुंद कॉइलमधून (सपाट पत्र्याच्या गुंडाळीतून) घडवलेला, ०.४५ मिलिमीटर पोलादाचा पत्रा लांबीच्या मीटरला सुमारे साडेचार किलो भरतो. लेप दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम असावा. तो ‘एझेड १५०’ असा लिहिलेला असतो. रंगात साधं पॉलिस्टर लवकर फिकं पडतं, पीव्हीडीएफ (फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा रंग) जास्त टिकतं. रंग फिकट असेल तर घर कमी तापतं.

बसवताना होणारं नुकसान वर्षभराने दिसतं. ग्राइंडरने कापलं की ठिणग्या रंगात रुततात आणि कडेचा लेप जळतो. पत्रा कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापावा. भोकांतून पडलेला लोखंडी कीस त्याच दिवशी झाडून टाकला नाही तर तिथे तांबूस डाग उठतात. वरून तांब्याच्या नळीचं पाणी पत्र्यावर पडू देऊ नये, ओलं सिमेंट लागू देऊ नये. सांधे भरायला आंबट वासाचं सिलिकॉन सीलंट नको, न्यूट्रल घ्यावं. पत्र्यांची थप्पी पावसात भिजली तर आतल्या आत काळी पडते, मग ती चढवण्याआधीच निकामी धरा.

वॉरंटीचा कागद नीट वाचा. ती बहुधा पत्र्याला गंजून भोक पडणं आणि रंग उडणं एवढ्यापुरती असते, भरपाई दरवर्षी घटत जाते, आणि स्क्रू, कापलेल्या कडा, समुद्राजवळची घरं बहुतेकदा वगळलेली असतात. पाऊस न पोचणारे भाग, म्हणजे वळचणीखालचा पत्रा, वेळोवेळी धुण्याची अटही असते. ती रास्त आहे, कारण पाऊस जिथे धूळ आणि क्षार धुऊन नेत नाही तिथेच गंज आधी धरतो.

सौर पॅनेल लावायचे असतील तर क्रम महत्त्वाचा. पॅनेल पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बसतात. खालचे वायसर दहा वर्षं जुने असतील तर मध्येच सगळं उतरवावं लागेल. आधी स्क्रू बदला, जुन्या भोकात एका नंबरने जाड आणि मोठ्या वायसरचा स्क्रू घाला, मगच पॅनेलचे पाय बसवा.