फिटच्या गोळीसोबत व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियम: वर्ष होत आलं, आमचा अनुभव

लेक आठ वर्षांचा आहे. कार्बामाझेपिन चालू आहे आणि फिट थांबल्यात, त्यामुळे गोळीबद्दल माझी तक्रार नाहीच. लिहितेय ते सोबत सुरू केलेल्या व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमबद्दल, कारण इथे नाशिकला ओपीडीबाहेर भेटणाऱ्या बऱ्याच आयांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

संध्याकाळी त्याचे पाय दुखायचे, पोटऱ्या दाबून द्याव्या लागायच्या, घरात सगळे म्हणायचे वाढीचं वय आहे. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं तर कॅल्शियम ९.१, म्हणजे नॉर्मल, पण डी फक्त ११, म्हणजे खूपच कमी, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडं कमकुवत होऊ लागली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं. कार्बामाझेपिन, फेनिटोइन, फेनोबार्बिटल ही फिटची औषधं लिव्हरमधली डी मोडणारी एन्झाइम्स वाढवतात, त्यामुळे डी लवकर संपतं, मग आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि शरीर हाडांतून काढून रक्तातलं भरून ठेवतं. म्हणून नुसतं कॅल्शियम नॉर्मल बघून निर्धास्त होऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम फारच खाली गेलं तर त्यानेच फिट येऊ शकते. कार्बामाझेपिनने सोडियम उतरू शकतं, पोरगं सुस्त पडलं, उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

डीचा डोस डॉक्टरांनीच ठरवला, तो त्याने आरामात घेतला. कॅल्शियमचं सिरप मात्र खडूसारखं लागतं आणि सुरुवातीला पोट साफ व्हायचं नाही, जेवणानंतर द्यायला लागल्यावर जमलं. फेनिटोइन असेल तर कॅल्शियम आणि त्यात अंतर ठेवावं लागतं, नाहीतर गोळी कमी शोषली जाते. पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) आमच्याकडे असतेच, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, भाकरी नाहीतर आंबील देते. ऊन सकाळी सातचं फार कामाचं नाही, सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमाराला थोडा वेळ गच्चीवर खेळतो.

झिंकचं सिरप पण द्या असं बरेच जण सांगतात. व्हॅलप्रोएट (फिटचंच दुसरं औषध) घेणाऱ्या मुलांत काही अभ्यासांत झिंक कमी दिसलंय, काहींत नाही, त्यामुळे आम्ही विचारल्याशिवाय दिलं नाही आणि डॉक्टरांनीही गरज नाही म्हटलं.

आता डी ३४ वर आहे, फॉस्फेटेज खाली आलंय, पोटऱ्या दाबायला सांगत नाही. तपासणी स्वस्त नाही तरी सहा महिन्यांनी परत करायची आहे, कारण गोळी चालू आहे तोवर डी संपत राहणार, आणि गोळी डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायची नाही.